चौकटीतलं मेंढरू

मला लोकांच्या आयुष्यात डोकावायची खोड आहे. लपवू कशाला, साऱ्या कडा गावाला ती माहीत आहे. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे; दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. माप देताना बाई हात पसरून उभी राहते, तिचं तोंड मोकळं असतं आणि माझे कान. तेवढ्या वेळात कुणाची सून माहेरी का जाऊन बसली, कुणी कुणाशी बोलणं टाकलं, कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं, हे सगळं माझ्याकडे जमा होतं. मी ते पुढे नेत नाही, हा माझा मोठेपणा. पण कळलं नाही तर मला घास गोड लागत नाही.

निम्म्या गावाच्या छातीची मापं जिच्याकडे, तिलाच छातीचा कॅन्सर व्हावा, याला काय म्हणायचं? गाठ मलाच लागली. स्वतःच्या ब्लाऊजला टक कुठे घालायचा ते बघत होते, तर बोटाखाली हरभऱ्याएवढं काहीतरी सरकलं. पुढचं सगळं झपाट्यानं झालं. नगरच्या दवाखान्यात डावी बाजू काढली, काखेतल्या गाठी काढल्या आणि मग केमो सुरू झाली. ठरल्या दिवशी एसटीनं जायचं, आरामखुर्चीत बसायचं, उजव्या हातात सुई आणि वर लटकलेली पिशवी. केस गेले, भुवया गेल्या, पाण्यालासुद्धा लोखंडाची चव आली.

पण मला खरी भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. एक दिवस शेजारची बाई बाही सैल करायला आली. उभ्या उभ्या आपणहून सांगत होती की तिच्या दिरानं घरात न विचारता कुणाला तरी शब्द देऊन टाकलाय. आणि मी गप्प. कुणाला, कसला शब्द, मग सासरे काय म्हणाले, काही म्हणजे काही विचारावंसं वाटेना. ती गेल्यावर मी मशीनच्या पायडलवर पाय ठेवून नुसती बसून राहिले. मला वाटलं, छाती गेली ते गेली, आता मीपण चालले.

हे मी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंना सांगितलं. मन कसं आहे, असं त्या दर खेपेला विचारत आणि मी दर खेपेला बरं आहे म्हणत असे. त्या दिवशी म्हणाले, ‘‘बाई, मला कुणाच्या भानगडीत रस राहिला नाही.’’ माझा नवरा बाजूला बसला होता, तो म्हणाला, ‘‘म्हंजी लईच सीरियस हाय.’’ बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या फोनवर एक लिंक पाठवली. रोज दुपारी अर्धा-पाऊण तास योगाचा वर्ग, फोनवरच, फक्त अशाच उपचारातल्या बायकांसाठी. अंगाला ताण नाही, खुर्चीत बसून केलं तरी चालतं, म्हणाल्या.

मला योग म्हणजे डोक्यावर उभं राहणं एवढंच माहीत होतं. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं फोन मशीनवर दोऱ्याच्या रिळांना टेकवून ठेवला आणि मी समोर खुर्ची घेतली. पडद्यावर एकदम किती तरी चौकटी उघडल्या, प्रत्येकीत एकेक बाई. शिकवणाऱ्या ताई पुण्याच्या, आवाज असा की तापल्या कपाळावर ओली घडी ठेवावी. त्या म्हणाल्या, ‘‘डावा हात हळूहळू वर न्या. जिथवर जातो तिथवर. दुखलं की थांबा. कुणाशी बरोबरी करायची नाही.’’ माझा हात खांद्यापर्यंत गेला आणि अडला. तो वर गेला नाही म्हणून कुणी रागावलं नाही, हे मला फार नवं होतं.

शेवटी सगळ्यांनी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं. तेव्हा मी एक डोळा किलकिला करून चौकटी बघून घेतल्या. एकीच्या मागे गॅलरीत नुसते टॉवेल वाळत होते. एकीचे केस टोपाचे होते. भांग इतका सरळ कुणाचा नसतो. एकीच्या मांडीवर मांजर होतं. आणि एका चौकटीत बाईच नव्हती. तिथे मेंढराचा फोटो होता.

वर्गाचा नियम ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. इथे नाव सांगायची गरज नाही. कॅमेरा लावा, नका लावू. कुणी कुणाला आजाराचं विचारायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. इथे फक्त विसावायचं. मला हे म्हणजे पंगतीत बसवून ताटावर ताट झाकून ठेवल्यासारखं झालं.

मेंढराच्या चौकटीचा माइक कायम चालू असायचा. बाकी सगळ्या मुक्या आणि त्या चौकटीतून घंटा वाजायच्या, किण किण, मधेच कुत्रं भुंकायचं. ताईंनी सुरुवातीला दोनतीनदा विनंती केली, मग आपल्या बाजूनं तो आवाज बंद केला. तर दुसऱ्या दिवशी टॉवेलवाली बाई म्हणाली, ‘‘ताई, त्या घंटा राहू द्या ना. बरं वाटतं.’’ सगळ्यांनी माना हलवल्या. तेव्हापासून श्वास आत, श्वास बाहेर आणि मागे मेंढरं.

मी त्या आवाजावर जीव लावून बसले. डोळे मिटायला सांगितलं की कान उघडायचे. मेंढरांमागची बाई असणार, हे उघडच होतं. दुपारी मेंढरं सावलीला बसतात तेव्हा तिला वर्गाला बसता येत असणार. एक दिवस घंटांच्या मागे मोर ओरडले. एकदा जवळून रेल्वे गेली. एकदा पाटाचं पाणी वाहत होतं आणि कोणीतरी कोकराला जिभेनं टक् टक् करून बोलावत होतं. म्हणजे मुक्काम हलतोय. फोन चार्ज कुठे करत असेल? रेंज गेली तर काय करत असेल? डोकं झाकायला काय बांधत असेल? दुपारची मी वाट बघायला लागले. एक दिवस जेवताना मी नवऱ्याला सांगत होते की आज तिच्याकडं कडबा कापायचं मशीन चालू होतं, तर तो घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला.

‘‘काय झालं?’’ मी म्हणाले.

‘‘काई न्हाई. बोल तू.’’

आता तो दिवस. ऊन तापलं होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आम्ही छातीवर तळहात ठेवून बसलो होतो. ताई म्हणत होत्या, ‘‘इथे जी जागा रिकामी वाटते, तिथे श्वास जाऊ द्या.’’ तेवढ्यात खिडकीतून भोंगा आला. मोटारसायकलला कर्णा बांधून हिंडणारा तो माणूस आमच्याकडे दर थोड्या दिवसांनी येतो. त्याचं रेकॉर्ड केलेलं ठरलेलं असतं: ‘केसावर भांडीऽऽ! लांब केस, गळालेले केस, गुंतवळ द्या, स्टीलचं भांडं घ्या!’ आमच्या बायका फणीत निघालेले केस गुंडाळून पिशवीत साठवतात, ते घेऊन तो एखादं भांडं देतो. मीही पूर्वी त्याच्याकडून बऱ्याच वाट्या घेतल्या आहेत.

मी मनात म्हणाले, ये बाबा, तुझीच कमी होती. आणि एका श्वासानं, अगदी तेवढ्याच अंतरानं, तोच आवाज फोनमधून आला. ‘केसावर भांडीऽऽ!’ बाहेर एकदा, फोनात एकदा. आधी वाटलं माझाच माइक चालू राहिला. नव्हता. मग दिसलं, मेंढराच्या चौकटीभोवतीची कड उजळली होती. पुन्हा बाहेर ‘गुंतवळ द्याऽऽ’, पुन्हा फोनात ‘गुंतवळ द्याऽऽ’.

पुण्याच्या ताई म्हणाल्या, ‘‘कोणाकडे तरी काही विकायला आलेलं दिसतंय. येऊ द्या आवाज, जाऊ द्या.’’

आणि त्या चौकटीतून हसू आलं. आधी दाबलेलं, मग सुटलंच. इतक्या दिवसांत त्या बाईचा पहिला आवाज ऐकला तो असा. मला एकदम दिसलं की ती जी कोण आहे ती टकल्या डोक्यानं कुठेतरी झाडाखाली बसली आहे आणि तिच्याकडे केस मागायला माणूस आलाय. मग मीही हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, बाकीच्या बायका भांबावून बघत राहिल्या. आणि हसता हसताच मला लख्ख कळलं: ही बाई कड्यात आहे. माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

वर्ग संपायच्या आत मी चपला घातल्या. ऑपरेशनपासून पहिल्यांदाच गल्लीत उभं राहून लोकांना विचारलं, कुणाच्या रानात मेंढरं बसलीत? उन्हाळ्यात रानं मोकळी असतात, खतासाठी शेतकरी मेंढरांचे कळप मुक्कामाला बोलावतात. कुणाला तरी माहीत असणारच. नवरा मागून म्हणाला, ‘‘लागली का चवकशी सुरू?’’ आणि आपणच गाडी काढली.

रान गावाला लागूनच होतं. जाळीच्या कुंपणात मेंढरं, बाहेर एक घोडी, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या, तीन दगडांची चूल. याला ती माणसं वाडा म्हणतात. जाळी, जनावरं, बिऱ्हाड, सगळं मिळून वाडा, आणि तो सारखा पुढे चालतो. घोडीच्या खोगिरावर सोलरची छोटी प्लेट उन्हाला लावलेली होती आणि तिच्या वायरला फोन. फोन कुठे चार्ज होतो ते कळल्यावर मला उगीच समाधान वाटलं.

बाभळीखालून एक बाई उठली. माझ्याच वयाची असेल, उन्हानं रापलेली, हातावर कोपरापर्यंत गोंदण. लुगड्याचा पदर कपाळावर घट्ट ओढलेला. ‘‘कोन पायजे?’’ तिनं विचारलं.

मी डोक्याचा रुमाल काढला.

ती माझ्या डोक्याकडे बघत राहिली. मग तेच हसू आलं, दुपारचं. ‘‘अगं माय,’’ म्हणाली, ‘‘तुमचं बी न्हेलं का त्यानं?’’

‘‘कावून हसलात हो मघाशी?’’ मी बसत विचारलं.

‘‘हसू न्हाई तर काय करू? त्यो म्हनतोय केस द्या. मनात म्हनलं, आलास बाबा, पर लई उशिरा आलास.’’

तिनं शेळीच्या दुधाचा चहा ठेवला. चव मला कशाचीच लागत नव्हती, तरी मी कपभर प्यायले. तिला काहीच न विचारता बसणं मला शक्य नव्हतं, आणि इथे वर्गाचा नियमही नव्हता. तिचं घर शिरूर कासारच्या बाजूला एका वस्तीवर. ऑपरेशन नगरलाच, माझ्याच दवाखान्यात. लिंकही त्याच समुपदेशक बाईंनी दिलेली, सुनेनं ती फोनवर लावून दिली, मेंढराचा फोटोही सुनेनंच लावला.

‘‘ती डाक्टरीनबाई लई ग्वाड बोलती,’’ ती म्हणाली.

‘‘कोन डाक्टरीन?’’

‘‘फोनातली. आपली.’’

‘‘ती डाक्टर न्हाई. योगाची ताई हाय ती.’’

‘‘तेच की. दवाखान्यातनंच दिलंय नव्हं आपल्याला?’’

मी विचारलं, ‘‘तुमची आता कितवी सुई?’’

‘‘सुई सोडली मी,’’ ती म्हणाली. ‘‘आता ह्येच घेते.’’

ती हे इतक्या सहज बोलली की मला आधी नीट कळलंच नाही. मग तिनं समजावून सांगितलं, मला, जसं काही मीच अडाणी. ‘‘ती सुई घेतली का आठ-आठ दिस वकाऱ्या. भाकर बगवत न्हाई. पाय उचलत न्हाई, मेंढरं पुडं अन् मी मागं पडलेली. आन् हिचं ऐकलं का झोप लागती. भूक लागती. पाय चालतात. मंग तुमीच सांगा ताई, औषद कंचं?’’

मला राग आला, कुणावर ते कळेना. खोटं कशाला बोलू, मलाही वर्ग संपला की वाटायचं, याच्यानंच बरं होता आलं असतं तर किती छान. तिनं फक्त त्या वाटण्यावर विश्वास ठेवला होता.

मी म्हणाले, ‘‘मेंढराला लस टोचता का न्हाई? टोचल्यावर मेंढरू सुस्तावतं का न्हाई? म्हनून लस वाईट का?’’

‘‘सुस्तावतं की,’’ ती म्हणाली. ‘‘पर मेंढराला इचारतं कोन?’’

ती चुलीतलं लाकूड मागे ओढत राहिली. मग हळू म्हणाली, ‘‘सुई घ्यायची तर शिरूरला घरी ऱ्हावं लागतंय. वाड्यासंगं फिरून दवाखान्याच्या तारखा सापडत न्हाईत. आन् आमच्यात घरी कोन ऱ्हातंय? ज्याला चालवत न्हाई त्यो. माझी सासू ऱ्हायली. सासरा ऱ्हायला. मागं ऱ्हायलेलं मानूस परत वाड्यावर आलेलं मी न्हाई बगितलं.’’

आता मला सगळं दिसलं. तिला सुईची भीती नव्हती. मागे राहण्याची होती. वर्ग तिला चालतं ठेवत होता, म्हणून तिच्या लेखी तेच औषध. मी तिच्या गोंदलेल्या हाताकडे बघत बसले. जवळची बाई आपल्यासमोर बुडतेय असं वाटत होतं, आणि तिला ओळखून मला तासही झाला नव्हता.

उठताना मी सांगितलं, ‘‘येत्या बुधवारी माझी तारीख हाय. सकाळची नगरची गाडी. मी स्टँडवर वाट बगीन.’’ ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. उलट तिनंच विचारलं, ‘‘तुमी त्या चौकटीत कंच्या?’’

‘‘मशीनमागं बसलेली.’’

‘‘ती व्हय!’’ तिचा चेहरा उजळला. ‘‘एक डोळा उगडून बगती ती?’’

मी इतके दिवस समजत होते की बघणारी मीच एकटी.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी नियम मोडला. मेंढराचा फोटो आला आहे, घंटा वाजताहेत, हे बघून घेतलं आणि माइक चालू केला. म्हणाले, ‘‘ताई, एक विचारायचंय. हे सगळं रोज नीट केलं तर सुई बंद केली तर चालतं का? मला हे केल्यानं फार बरं वाटतं. सुईनं काहीच बरं वाटत नाही.’’ मी माझ्यावर घेऊन विचारलं. तिचं नाव घेतलं नाही, तेवढा शहाणपणा केला.

ताईंचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा बदलला. ‘‘नाही. अजिबात नाही.’’ मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘‘हा वर्ग औषधाच्या जागी नाहीये. औषध झेपावं म्हणून आहे. तुम्हाला इथे बरं वाटतं ते खरंच आहे, ते खोटं नाही. पण गाठीला जे मारायचंय ते सुई मारते, मी नाही. मी डॉक्टरही नाही. उलट्या होतात, पाय गळतात, हे सगळं तुमच्या डॉक्टरांना सांगा. त्याच्यावर गोळ्या असतात, मात्रा बघतात, मार्ग काढतात. सोसत बसू नका आणि सोडूनही देऊ नका.’’

मांजरवालीनं मांजर छातीशी धरलं होतं. मेंढराच्या चौकटीतून घंटा ऐकू येत होत्या, कोणीतरी लांबून हाळी देत होतं. मग ती चौकट विझली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. टॉवेलवालीनं वर्ग संपताना विचारलं, ‘‘आज घंटा नाहीत?’’ ताईंनी नुसती मान हलवली. नवरा त्या रानाकडून जाऊन आला. वाडा हलला होता, जामखेडच्या अंगाला गेला असं शेतमालक म्हणाला. रानात लेंड्या आणि चुलीचे काळे दगड तेवढे राहिले होते. मला रडू कोसळलं. मी विचारायला नको होतं, असं मी नवऱ्याला पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. तिचं झोप लागणं, तिची भूक, तेवढंही माझ्या चौकशीनं तिच्यापासून हिसकावलं. तो म्हणाला, ‘‘तू इचारलं न्हाई तर कोन इचारनार होतं?’’ पण तो माझा नवरा, तो असंच म्हणणार.

बुधवारी मी स्टँडवर लवकर जाऊन बसले. लुगडं नेसलेली बाई दिसली की उठायची, पुन्हा बसायची. नगरची गाडी लागली. मी कंडक्टरला म्हणाले, थोडं थांबा, एक बाई यायचीय. तो थांबला, भला माणूस. मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मीच म्हणाले, चला.

दवाखान्यात नेहमीचीच खोली. आरामखुर्च्यांची रांग, मधे निळे पडदे. आधी एक सुई देतात, तिनं डोळे जड होतात. नवरा खाली गोळ्या आणायला गेला आणि मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा वर्ग सुरू झाला होता. डाव्या हातानं फोन उघडून मांडीवर ठेवला, आवाज बारीक केला. चौकटी एकेक उघडत गेल्या. टॉवेल, मांजर, सरळ भांग. आणि खाली कोपऱ्यात मेंढरू.

माझी झोप उडाली. चौकट होती, पण घंटा नव्हत्या. ताईंनाही ते कळलं असणार, त्या क्षणभर थांबल्या. मी फोन कानाशी नेला. आज कुठे आहे ही? वारा नव्हता. कुत्रं नव्हतं. पंख्याची घरघर होती. कुणाचं तरी खोकणं. काचेला काच लागल्याचा किणकिणाट. घर असेल का? शिरूरचं घर? मग मागेच राहिली की काय? मी आणखी वाकले, तशी सुईची नळी ताणली गेली.

सिस्टर पडदा सरकवून आत आली. ‘‘अहो मावशी, किती वाकताय! नळी निघेल ना. फोन ठेवा बघू बाजूला.’’

मी काही बोलणार, तेवढ्यात मांडीवरून, मेंढराच्या चौकटीतून, त्याच सिस्टरचा आवाज आला. ‘‘नळी निघेल ना. फोन ठेवा बघू बाजूला.’’

मी सिस्टरला म्हणाले, ‘‘शेजारचा पडदा उघडा.’’ तिला वाटलं मला गरगरतंय. मी पुन्हा म्हणाले, ‘‘उघडा हो, माझं माणूस आहे तिकडं.’’

तिनं पडदा ओढला. शेजारच्याच खुर्चीत ती होती. उजव्या हाताला सुई, पोटाशी फोन, डोक्याला कोरा रुमाल. फोनमधून ताई म्हणत होत्या, जिथवर जातो तिथवर, आणि तिचा गोंदलेला डावा हात हळूहळू वर चालला होता. स्टुलावर बसलेला पागोटेवाला माणूस तिच्या कोपराखाली तळवा धरून होता. मेंढरामागचा माणूस, मेंढरं सोडून इथे, या पंख्याखाली. त्याच्या पायातल्या चपलांना अजून रानाची माती होती.

‘‘तुमी स्टँडवर न्हाई आलात,’’ मी म्हणाले. दुसरं काय बोलणार?

‘‘आमी जामखेडकडनं आलो, दुसऱ्या गाडीनं.’’

‘‘आन् वाडा?’’

‘‘पोराला अन् सुनंला दिलाय.’’ तिनं नवऱ्याकडे बघितलं, तो खाली बघत होता. ‘‘म्या सांगितलं ह्याला सगळं. सुई सोडलेली बी सांगितलं. म्हनलं मागं ऱ्हायचं न्हाई मला. तर ह्यो म्हनला, कोकरू लंगडलं तर आपुन खांद्यावर घेतो. मागं सोडतो व्हय?’’

दोन्ही फोनमधून, एका श्वासाच्या अंतरानं, ताईंचा आवाज आला: आता हात खाली आणा, डोळे मिटा. मी मिटणार होतेच, पण आधी तिच्याकडे एकदा बघून घ्यावं म्हणून एक डोळा उघडा ठेवला. ती माझ्याकडेच बघत होती.

‘‘ताई,’’ ती म्हणाली, ‘‘म्या हितंच हाय. आज दोनी मिटा.’’

मी दोन्ही मिटले.